पेटीच्या तळाची चाक्सी

हे मी अजून कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि त्याला मी काय काय सांगते ते विचारू नका. आज तुम्हाला सांगते. मन हलकं व्हावं म्हणून नाही हं. ते व्हायचं नाही.

बडोद्यात मासे खाणं म्हणजे काय, ते इथल्या मराठी माणसाला विचारा. शेजारी नाक मुरडतात, दाराशी मासेवाली चालत नाही. म्हणून आम्ही काही घरांनी मिळून रेवाबेनला धरलं होतं. ती भरूचकडची. नवरा आणि दीर नर्मदेत जाळी टाकायचे आणि ही रविवारी थर्माकोलची पेटी घेऊन नागरवाड्यात, प्रधानकाकांच्या मागच्या अंगणात यायची. भांडकुदळ बाई, भावात हटायची नाही. पण मासा ताजा.

नियम माझा. पावसाळ्यात चाक्सी — बाहेरचे लोक हिलसा म्हणतात — समुद्रातून नदीत चढते ती अंडी घालायला. तेव्हाच तिला धरली तर पुढे नदीत उरणार काय? मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं, सगळ्यांच्या गळी उतरवलं. गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली चाक्सी कुणी मागायची नाही. बदल्यात त्या दिवसांत रेवाबेन दुसरं जे आणेल ते आम्ही सगळंच्या सगळं घ्यायचं. ती कुरकुरली, पण तिच्या घरच्यांनी मानलं. चाक्सीची जाळी त्यांनी गुंडाळून ठेवली. मला केवढा मान! मराठी मंडळाने भाषणाला बोलावलं.

आणि मग — काय सांगू — मला गाभोळी खावीशी वाटली.

घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाची शेवटची इच्छाबिच्छा नव्हती. माझीच जीभ. रेवाबेनला फोन केला. दुसऱ्या कुणाच्या होडीवरून एकच घे, काळ्या पिशवीत, पेटीच्या तळाशी ठेव. ती म्हणाली, नियम तर तुमचाच ने? मी म्हटलं, तू आण गं.

त्या रविवारी मला पोचायला उशीर झाला. तोवर प्रधानकाकांनी पेटी उपसली होती आणि ती चाक्सी, पोट टम्म, ओट्यावर पडली होती. सगळे भोवती गोळा. रेवाबेनने माझ्याकडे बोट केलं.

"आ बेने ज मंगावी छे."

ह्या बाईनेच मागवली म्हणाली. खरं तेच बोलली, सगळ्यांसमोर. पटलं कुणाला? कुणालाच नाही — नियम करणारी बाई नियम कशी मोडेल? मी नुसती गप्प राहिले असते तरी भागलं असतं. तेवढंही केलं नाही. मी हसले! म्हटलं, "चोरी पकडली गेली की माझं नाव घ्यायचं? वा गं वा!" तिचा आवाज चढला, मग तिला रडू फुटलं. पोरांची शपथ घेतली तिने. मी बघत उभी होते. मेल्या तोंडातून 'हो' निघाला नाही.

तिच्याकडून मासे घेणं त्याच दिवशी बंद केलं. आता आम्ही ऑनलाइन मागवतो. पाकिटावर हिरवं पान छापलेलं असतं — मासा कुठला, कधी धरला, कोण विचारतंय? रेवाबेनच्या घरची जाळी पावसाळ्यात पुन्हा पडायला लागली, हे प्रधानकाकांनीच सांगितलं. "बघा, ह्या लोकांना कितीही शिकवा!" आणि मी मान डोलावली. त्यांनी खायचं काय? आम्ही सगळं घेऊ असा शब्द कुणी दिला होता?

अजून एक राहिलं. त्या दिवशी ती चाक्सी कुणी हातात धरेना. मी म्हटलं, द्या इकडे, मी टाकून देते. काय तत्त्वाची बाई, असंच वाटलं असेल सगळ्यांना. मी ती घरी आणली. गाभोळीला हळद-तिखट लावून तळली आणि भाताबरोबर सगळी खाल्ली. छान झाली होती.