चपला मांडीवर घेऊन बसणारा

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यावर मी आठवड्यातून एकदा नांदेडच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायची. बाकीचे दिवस घरीच नवरा व्यायाम करून घ्यायचा. दवाखान्यात उमरीकडचा एक माणूस नेहमी दिसे. त्याच्या बायकोचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालेलं. ती आत गेली की हा तिच्या चपला मांडीवर घेऊन, पडद्याकडे पाठ करून बसायचा. आतून तिचं कण्हणं ऐकू आलं की खांद्यावरच्या दस्तीनं चपलांची धूळ पुसत राहायचा.

"एवढ्या लांबून रोज येता, घरी नाही का जमत?" मी एकदा विचारलं.

"शिकवलंय की मला डॉक्टरनं," तो म्हणाला. "पन ती 'आई गं' म्हनली की माझा हातच ढिला पडतोय, ताई. मंग गुडघा वाकतच न्हाई. हितं बरं हाय, हात परक्याचा हाय."

त्याचं नाव विचारायचं राहिलं, पण त्याचे उपकार आहेत माझ्यावर. माझ्या नवऱ्याचा हात कधीच ढिला पडत नसे, म्हणून मी त्याला कसाई म्हणायची. त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं माझा गुडघा वाकवायला घेतला, तेव्हा ओरडता ओरडता मी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते.