कोणतीही खुर्ची चालेल

तिच्या पायाला भिंगरी आहे असं सगळेच म्हणत. पुढे पुढे एवढं लांबलचक म्हणायचाही कंटाळा आला आणि ती नुसतीच भिंगरीताई झाली. रुग्णालयाच्या तळघरात, औषधांच्या गोदामाला लागून एक थंडगार खोली होती, तिथे तिची नोकरी. काम काय, तर सर्व्हर सांभाळायचा. असं काम करणारी माणसं खुर्चीला चिकटलेली असतात. ही दिवसभर जिन्यावर. कुठे काही बदल केला की तो वर जाऊन, ज्याचं काम त्याच्या मागे उभं राहून बघायची. लिफ्ट होती, पण लिफ्टची वाट बघत उभं राहणं हिच्याच्याने होत नसे.

नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. सावकाश माणूस. जेवताना ती दोनदा उठली की तो घास हातात धरून म्हणायचा, "अगं, खुर्चीला काय खिळे आहेत?"

"तुमचं बरंय," ती म्हणायची. "फ्रीज बिघडला की दूध नासतं, वास येतो, लोक ओरडत येतात. माझ्याकडे बिघडलं तरी वास येत नाही. बिघडलंय हेच कळत नाही, हीच तर भीती."

त्या वर्षी तर भिंगरीला जास्तीच वेग आला. जुना सर्व्हर धापा टाकायला लागला होता, म्हणून नवीन यंत्र आलं आणि रुग्णालयाचे सगळे प्रोग्राम तिकडे हलवायचं ठरलं. ते प्रोग्राम लिहिणारी माणसं केव्हाच पांगली होती. एक परदेशात, एकाने हे काम सोडून रोपवाटिका काढलेली, आणि एकजण निरोपाचा केक खाऊन पासवर्ड न सांगताच गेलेला. सगळं लिहिलेलं पीएचपी नावाच्या संगणकी भाषेत, पण तिच्या जुन्या आवृत्तीत. नवीन आवृत्तीला त्यातलं निम्मं पचत नव्हतं. आणि हिशेब खात्याचा नवा प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर चालायला तयार नव्हता. शेवटी तिने एकाच यंत्रावर दोन्ही आवृत्त्या बसवल्या.

"म्हणजे एका घरात दोन चुली," नवरा म्हणाला.

"चुली दोन आणि जावाही दोन. दारात मी एक माणूस बसवलाय. आलेला पाहुणा कुणाचा ते तो बघतो. डायलिसिसचा असला तर थोरलीकडे, म्हणजे जुनीकडे, हिशेबाचा असला तर धाकटीकडे."

"आणि दोघींत जुंपली तर?"

"मग मी आहेच की मार खायला."

रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना मात्र हे दोन चुलींचं प्रकरण डोळ्यांत खुपत होतं. जिन्यात गाठ पडली की विचारायचे, "ताई, थोरलीला कधी निरोप देताय?"

"एकेक करून बघून देते साहेब. घाईत तोंडघशी पडायचं नाही मला."

एके दिवशी तिने डायलिसिसचा प्रोग्राम नव्या यंत्रावर हलवला. थोरलीकडेच ठेवला. प्रत्येक पान उघडून बघितलं, प्रत्येक बटण दाबलं, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितलं, पुन्हा ठीक. तरी दुपारचा डबा अर्धा टाकून ती उठली आणि डायलिसिसच्या हॉलमध्ये गेली.

हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या होत्या.

त्या हॉलमध्ये खुर्ची रिकामी राहतच नसे. माणसं जास्त, मशीन कमी, त्यातली एखादी रोज रुसलेली. म्हणून तिथे कुणाचा वार, वेळ पक्की नव्हती. रोज संध्याकाळी प्रोग्राम आपणहून उद्याची यादी जुळवायचा, हॉलच्या प्रिंटरवर ती काढायचा, आणि यादीतल्या माणसांना मेसेज पाठवायचा. मेसेज आला तर यायचं, नाही आला तर घरी थांबायचं. या शिस्तीत माणसं इतकी मुरली होती, की मेसेज नसताना दारात येऊन वाद घालणारं कुणी उरलं नव्हतं.

"सिस्टर, या खुर्च्या?"

नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या. ही दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेली, चेहरे न ओळखणारी. "आज जरा सुटसुटीत आहे बघा ताई," ती खुशीत म्हणाली. "उगाच सगळे म्हणत होते, तिथे गेलीस की श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही."

"यादी द्या बघू."

यादी घेऊन भिंगरीताई दोन-दोन पायऱ्या गाळत तळघरात आली. तीच यादी तिने आपल्या पडद्यावर उघडली. पडद्यावर नावं जास्त, कागदावर कमी. प्रोग्राम तोच, माहिती तीच, आणि उत्तरं दोन.

ती उभ्यानेच शोधायला लागली. कागदावर गळलेली सगळी नावं पाहिली तेव्हा त्यांच्यात एकच गोष्ट सारखी निघाली. खुर्ची कोणती हवी, या रकान्यात बाकीच्यांपैकी कुणी खिडकीजवळची मागितली होती, कुणी पंख्याखालची, कुणी दाराजवळची. त्या खुर्च्यांचे आकडे नोंदलेले होते आणि त्या सगळ्यांचे नंबर शाबूत होते. गळले ते, ज्यांनी 'कोणतीही' म्हटलं होतं.

तिला झटक्यात उमगलं. ज्याने कुणी हा प्रोग्राम लिहिला होता, त्याने 'पसंती शून्य आहे का' एवढंच विचारलं होतं. जुन्या आवृत्तीच्या लेखी आकडा नसलेला शब्द म्हणजे शून्यच; 'कोणतीही' दिसलं की ती म्हणायची, बरं, कुठेही बसवा. नवीन कडक शिस्तीची. तिच्या लेखी शब्द तो शब्द, शून्य ते शून्य. ती 'कोणतीही' नावाची खुर्ची हॉलभर शोधत बसली, आणि सापडली नाही तेव्हा माणूसच सोडून पुढे गेली. चकार शब्द न काढता.

पण डायलिसिस तर थोरलीकडे होतं! मग धाकटी मध्ये आली कुठून? संध्याकाळचं काम दारातून येतच नव्हतं. ते यंत्राच्या आतच घड्याळावर सुरू व्हायचं. दारातल्या माणसाला त्याचा पत्ताच नाही. आणि आतल्या आत सुरू होणाऱ्या, आवृत्ती न सांगितलेल्या प्रत्येक कामाला नवीनच द्यायची, हे गेल्या आठवड्यात तिनेच ठरवून ठेवलं होतं. हिशेब खात्याची सोय म्हणून. हे तिच्या हातून झालं होतं.

तिने गळलेल्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "लगेच निघा, सिस्टरांना सांगून ठेवते." एक बाई म्हणाली, "मला सकाळपासून वाटतच होतं. पण म्हटलं, तुम्ही लोक विचार करूनच ठेवत असाल."

मास्तरांनी तेवढा फोन उचलला नाही. निवृत्त चित्रकला शिक्षक, घरी एकटे. तिने पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

मग नवऱ्याला. "कुठे आहात?"

"एका फ्रीजच्या पोटात."

"बाहेर या. गाडी घेऊन रुग्णालयाच्या फाटकाशी. आत्ताच्या आत्ता."

तो हातातलं टाकून निघाला. तिचा असा आवाज त्याने क्वचितच ऐकला होता.

मास्तरांचं घर बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाच्या वर. तिने दार वाजवलं, मग बडवलं. आतून काही नाही. नवऱ्याने दाराला कान लावला. "रेडिओ चालू आहे."

"माणसाचं सांगा!"

"थांब गं. काहीतरी सरकतंय."

दार उघडलं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी काखेत मारून उभे. छाती भात्यासारखी वरखाली. एका पायात बूट, दुसरा पाय इतका सुजलेला की बूट चढलाच नसावा. फोन आत पलंगावर, आणि रेडिओ मोठ्याने. कानांनी मास्तर अधूच होते.

"कालच मेसेज यायला हवा होता ना हो?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "नाही आला, तेव्हा म्हटलं, आज दुसऱ्या कुणाची नड जास्त असेल. तरी तयार होऊन बसलो."

नवऱ्याने मास्तरांना खांद्याचा आधार दिला आणि म्हणाला, "चला मास्तर. आज फ्रीजवाल्याची गाडी आहे, पण तुम्हाला पुढे बसवतो."

हॉलमध्ये बदलीच्या सिस्टरने मास्तरांना बघितलं मात्र, तिची खुशी पार उतरली. "अहो, फोन करून विचारायचं तरी!" असं ओरडत ओरडतच तिने वजन घेतलं, डॉक्टरांना बोलावलं, सुया लावल्या. मशीन फिरायला लागलं. भिंगरीताई पायथ्याशी उभी राहून मास्तरांची छाती बघत होती. बऱ्याच वेळाने ती जरा सावकाश हलायला लागली.

तेवढ्यात साहेब आले. "बघा ताई, म्हणून म्हणतो, त्या जुनीला घालवा एकदाचं. दोन-दोन ठेवलं की असंच होणार."

"जुनीने बरोबर बसवलं असतं साहेब. नवीनही तिच्या नियमाने चुकली नाही. चुकीच्या दारी मी पाठवलं, आणि मेसेज गेले का ते बघितलं नाही. नुसती पानं उघडून बघत बसले."

साहेब हळूच म्हणाले, "उद्याचं काय?"

"यादीच्या कामाला आता स्पष्ट सांगितलंय, जुनीकडेच जायचं. संध्याकाळी कागद आणि पडदा शेजारी ठेवून नावनाव ताडून बघणार. त्याशिवाय मेसेज सुटणार नाहीत."

साहेब गेल्यावर मास्तरांनी डोळे उघडले. "ताई, बसा की. दमला असाल."

"मास्तर, एक सांगा. खुर्ची कोणती हवी तुम्हाला?"

"मला काय, कोणतीही चालेल."

"चालणार नाही," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "नक्की सांगा. प्रोग्राम मी नीट करीनच, पण तरी सांगा."

मास्तर विचारात पडले. त्यांना इतक्या वर्षांत हे कुणी असं दरडावून विचारलं नव्हतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, मान थोडी उचलून पलीकडेही पाहिलं.

"ती कोपऱ्यातली," ते अखेर म्हणाले. "तिथून खालचं अंगण दिसतं. माणसं जातात-येतात. चितारायला बरी."

ती तो आकडा नोंदवायला निघाली. शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा ओरडला, "ओ ताई, माझंही 'कोणतीही'च लिहिलंय, मलाही विचारा!" तिने हात वर करून हो म्हटलं, दाराशी पोचली, आणि तिथेच थबकली. रक्तपेढीही जुनीकडेच होती. तिचंही एक काम घड्याळावर चालायचं, साठा संपत आला की कळवायचं. ते कोणत्या आवृत्तीवर जात होतं?

पुढच्या क्षणी ती जिन्यावर होती.