कानाने भाजलेला मसाला

गेल्या श्रावणात मला ताप आला आणि जाताना माझ्या नाकातला वास घेऊन गेला. दुसऱ्या कुणाला हे इतकं जड गेलं नसतं. पण मी गोडा मसाला करून विकते. झाशीत दतिया गेटजवळ, घराच्या रस्त्याकडच्या खोलीत माझं छोटंसं दुकान आहे, आणि मसाला भाजणं म्हणजे सगळा नाकाचा कारभार. धणे किती परतायचे, खोबरं कधी उतरवायचं, दगडफूल तेलात कितपत तळायचं, यासाठी मी कधी घड्याळ पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी शिकवलं ते एवढंच, की वास सांगेल. आता वास काहीच सांगत नव्हता. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, अगदी ह्यांनाही नाही.

खरं सांगायचं तर मनातला संशय तापाच्या आधीपासूनचाच होता. दुकान सासूबाईंनी सुरू केलेलं. इथली जुनी मराठी घरं त्यांच्या हातचा मसाला नेत, पुढे आमटीची चटक लागलेले हिंदी शेजारीही नेऊ लागले. त्या गेल्या, पाटी तशीच राहिली आणि पाटीखाली मी बसले. बारा वर्षं झाली. कुणी कौतुक केलं की मला वाटे, हे माझं नव्हेच; त्यांच्या पुण्याईवर चाललंय, एक दिवस उघडं पडणार. नाक गेलं तेव्हा वाटलं, पडलं उघडं. करपेल या धास्तीने मी सगळंच लवकर उतरवू लागले. पितृपक्षात आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, एक निवृत्त मास्तर, पुडी हातात घेऊन दारात उभे राहिले. तेच अपराधी असल्यासारखे म्हणाले, "सूनबाई, या खेपेला धणे जरा कच्चे राहिले का गं?" मला तेवढं पुरलं. अष्टमीला देवीच्या कानावर घालायचं आणि दसऱ्याला पाटी उतरवायची, असं मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

अष्टमीच्या दुपारी तलावाकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात गेले. कित्येक दिवस नीट झोप नव्हती, त्यामुळे सगळं जरा लांबून दिसत होतं. पाण्यावर धुरकट ऊन पडलेलं, पलीकडचा काठ असून नसल्यासारखा, देवळातली घंटा वाजे आणि तिचा आवाज माझ्यापर्यंत यायला फार वेळ लागतोय असं वाटे. दर्शनाला रांग होती म्हणून शेवंतीची माळ मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले. आणि बसल्या बसल्या, माझं मलाच कळलं नाही, ती माळ मी नाकाशी नेली. देवाचं फूल हुंगायचं नाही, हे लहानपणी पाठीत धपाटा खाऊन शिकलेले. पण दोन महिने साबण, कापूर, हिंग, हाताला लागेल ते हुंगून पाहायची मला खोडच लागली होती.

शेजारी एक म्हातारी बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर गाठोडं. म्हणाली, "काए बिन्नू, सूँघ लओ? अब जे देवी खों कैसें चढ़ै?"

बिन्नू म्हणजे पोरी. बुंदेलीत लेकीला म्हणतात तसं. मला एकदम रडूच कोसळलं. मी म्हटलं, "अम्मा, मुझे कोई ख़ुशबू आती ही नहीं. दो महीने हो गए."

तिने यावर गंभीरपणे विचार केला. मग निवाडा द्यावा तशी म्हणाली, "तौ फिर जूठो नईं भओ. चढ़ा दो."

वासच आला नाही तर फूल उष्टं कसलं! रडता रडता मला हसू आलं. जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं मी त्या अनोळखी बाईला सांगून मोकळी झाले. ती टहरौलीकडची, तिच्या घरी चणे-फुटाणे भाजायची भट्टी. लेक-जावई आत दर्शनाला गेले होते आणि गुडघ्यांमुळे ही खालीच थांबली होती. तिने माझ्याकडे मान वळवली तेव्हा कुठे मला दिसलं की तिच्या दोन्ही डोळ्यांवर पांढुरका पडदा आहे. माळ नाकाशी नेलेली तिला कशी समजली, हे विचारायचं मला सुचलं नाही. ती म्हणाली, "हमें का दिखात? भाड़ पै आज लौं हमई बैठत. चना बोलत है बिन्नू. पैलें जोर सें बोलत, फिर हरां-हरां. जब हरां बोलै, तबई उतार लो." दिसत नसूनही भट्टीवर अजून तीच बसते; चणा आधी जोरात बोलतो, मग हळू बोलायला लागतो, तेव्हा उतरव. मग तिने गाठोड्यातले मूठभर फुटाणे माझ्या ओंजळीत टाकले.

मी माळ वाहून परत आले तर पायरी रिकामी होती. लेक घेऊन गेली असेल. त्यापलीकडे मी काही म्हणत नाही.

नवमीला सकाळी ह्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, दार लोटलं आणि कढई ठेवली. मनात देवीला म्हटलं, आई, माझ्याकडे होतं ते गेलं, आता तू म्हणशील तसं. धणे घातले आणि डोळे मिटले. आधी नुसती उलथन्याची खरखर. मग तडतड सुरू झाली, वाढत गेली आणि मी हात आखडला नाही. भीती वाटत होती, पण उतरवायची घाई केली नाही. मग ती तडतड मंदावली, कुणीतरी सांगायचं ते सांगून झाल्यासारखी, आणि मी उतरवले. खोबऱ्याचा आवाज ओलसर होता, तो वाळत वाळत कुरकुरीत झाला. तीळ उडाले आणि शांत झाले. किती वेळ गेला कोण जाणे. मी त्या आवाजांच्या आत कुठेतरी बसले होते आणि तिथे मला कसलीच शंका नव्हती. इतकं निवांत मला बारा वर्षांत वाटलं नव्हतं.

डोळे उघडले तर दारात हे उभे. ह्यांना मुळात बोलायचाच कंटाळा. मी विचारलं, "करपला का?"

"नाही." मग म्हणाले, "आईच्या मसाल्याला असा वास नसायचा."

मी उलथनं खाली ठेवलं.

"तिचा उग्र असे जरा. हा तुझा आहे. बारा वर्षं घरात हाच येतोय. मधले दोन महिने सोडले तर. म्हटलं, सांगशील तेव्हा सांगशील."

मी कढईपाशी बसून पोटभर रडले, आणि त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं.

पाटी उतरवली नाही. वास अजूनही परत आलेला नाही. पूर्वी तो मी रोज देवीकडे मागायची, आता मागायचं राहूनच जातं. प्रत्येक खेपेची पहिली चिमूट देवीपुढे ठेवते आणि हात जोडते. माझा मसाला कसा असतो हे मला आता कधीच कळणार नाही. तो चांगला झालाय का, ही काळजी मी तिच्यावर सोपवली आहे, आणि मी भाजत राहते.