शालनची गोणी

शहापूरच्या एसटी स्टँडसमोर माझं सायबर कॅफे होतं, तेव्हा इंटरनेट म्हणजे दहावी-बारावीचा निकाल बघायची खिडकी, एवढीच तालुक्याची समजूत होती. बाकीचं वर्ष कॉलेजची पोरं चॅटिंगला यायची आणि पडद्याआड कोण काय बघतंय यावर मी डोळा ठेवून बसायचो. असल्या जागेत शालन पहिल्यांदा आली ती कारखान्याच्या गणवेशात, चपला बाहेर काढून. मी म्हटलं, "अगं, देऊळ नाही हे. चपला घाल."

"शिकायला आलीय, ज्ञानूदादा. असू दे," ती म्हणाली आणि सरळ खुर्चीत बसली.

ती आमच्याच गावची. तानसा तलावाच्या काठाला गाव, आमची घरं वरच्या अंगाला आणि बौद्धवाडी खालच्या अंगाला, पाण्याजवळ. शालन आसनगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. लग्न झालेलं नव्हतं, घरात ती आणि आई रंभाबाई, दोघीच. कारखान्यात सुरक्षा सप्ताहाची नोटीस लागली होती. श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन त्याला कसं वाचवायचं याचं शिक्षण. धडे इंटरनेटवर, लेखी परीक्षा तिथंच, मग ठाण्याला जाऊन बाहुल्यावर करून दाखवायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं. कारखान्यानं सुपरवायझरांची नावं पाठवली. शालननं आपलं नाव पुढं केलं तर साहेब हसून म्हणाला, धडे इंग्रजीत आहेत बाई, तुम्हाला झेपायचं नाही. तो साहेब मला कधी भेटला नाही हे त्याचं नशीब. शालननं मग स्वतःच पैसे भरून नाव नोंदवलं.

तिला हे का शिकायचं होतं ते मला विचारावं लागलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

शहाण्णव साली तिचा धाकटा भाऊ सोमा तलावात बुडाला. शाळकरी पोर, पोहायला गेला आणि गाळात पाय अडकला. त्याला बाहेर काढलं रघूनं. रघू म्हणजे भाताची भरलेली गोणी एकट्यानं पाठीवर टाकणारा गडी. त्यानं सूर मारला, पोराला वर आणलं, आणि मग आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत तेच केलं. पोराला खांद्यावर पालथं टाकलं, डोकं खाली, पाय पुढं धरलेले, आणि काठाकाठानं पळत सुटला. पोटातलं पाणी निघालं की जीव परत येतो, असं आम्ही सगळेच मानत होतो. रघू दमला तेव्हा चौघांनी पाय धरून सोमाला गरगर फिरवलं. पाणी निघालं थोडं. जीव काही परत आला नाही.

पण रघूनं जिवाचं रान केलं, यात कोणाला शंका नव्हती. त्याच्या छातीला कळ येईपर्यंत तो पळाला होता. तेव्हापासून शालन त्याला मामा म्हणायला लागली. दर बुद्धपौर्णिमेला रंभाबाई खिरीची पहिली वाटी रघूला द्यायची, आणि वरच्या अंगाचा हा तालेवार शेतकरी त्यांच्या ओटीवर मांडी घालून ती खायचा. गावातल्या दोन-चार नाकांना ते झोंबायचं. झोंबू दे.

तर शालन शिकायला लागली. कारखान्यातून सुटली की माझ्याकडं. तिचं इंग्रजी म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावरचं: फ्रॅजाइल, धिस साइड अप. मी डिक्शनरी घेऊन शेजारी बसायचो. माझंही इंग्रजी काही विलायतेहून आलेलं नव्हतं, पण दोन आंधळे हात धरून रस्ता ओलांडतात तसं आमचं चाललं. एकेक शब्द ती तळहातावर पेनानं लिहायची आणि घरी जाऊन पाठ करायची. भाकऱ्या थापताना शब्द धुऊन जातात म्हणून आईला भाकऱ्या करायला लावायची. रंभाबाई मला येऊन दटावून गेली, "ज्ञानू, काय येड लावलंस रे माझ्या पोरीला?" मी काय लावतोय! उलट तिनंच मला लावलं होतं. एखादा धडा कळला नाही की ती माझ्या खनपटीला बसायची, गिऱ्हाइकं ताटकळत बसली तरी उठायची नाही.

आणि वर लोडशेडिंग. पहिल्यांदा लेखी परीक्षेला बसली तेव्हा शेवटचे प्रश्न राहिले असताना दिवे गेले. कॉम्प्युटर काळाठिक्कर. मी कपाळावर हात मारला. शालन उठली, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "लाइट आल्यावर पयल्यापासून." लाइट यायला संध्याकाळ झाली. ती तोवर पायरीवर बसून राहिली. परत पहिल्यापासून सोडवली आणि पास झाली.

पण त्याच्याही आधीची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. बुडालेल्या माणसाचा धडा होता. पडद्यावर एक वाक्य आलं, आणि मी वाचता वाचता अडखळलो. शालननं विचारलं, "काय लिवलंय?"

मी म्हटलं, "लिहिलंय, बुडालेल्याच्या पोटातलं पाणी काढायच्या भानगडीत पडू नका. उलटं करू नका. त्यात वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात माणूस जातो. पाण्यातून काढल्याबरोबर आधी श्वास द्या."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.  सोमाला काढलं तेव्हा मीही काठावर उभा होतो आणि आम्ही सगळे "फिरवा, अजून फिरवा" म्हणून ओरडत होतो.

मग ती म्हणाली, "रघूमामाला यातलं काय बोलू नको."

"पण शालन..."

"नको. तो मरंल. पुढचा धडा लाव."

एवढ्यावर तो विषय बंद झाला. मी पुढचा धडा लावला.

आता सराव कशावर करायचा? धड्यात होता तसला बाहुला तालुक्यात मिळणं शक्यच नव्हतं. शालननं भाताच्या तुसानं गोणी भरली. पण दाबली की तूस खाली बसायचं, वर यायचं नाही, आणि छाती तर दाबून सोडली की वर आली पाहिजे. तिनं वाडीतल्या गॅरेजवरून स्कूटरची जुनी ट्यूब आणली, अर्धवट हवा भरून तुसाच्या मधोमध घातली आणि गोणीचं तोंड शिवून टाकलं. वर फडक्याचं डोकं बांधलं. आता दाबलं की आत जायचं आणि सोडलं की वर यायचं. रोज संध्याकाळी ओटीवर गोणी आडवी करायची, गुडघ्यावर बसायचं आणि मोठ्यानं मोजत दाबायचं. तीस दाब, दोन श्वास. जोर होता, पण लय चुकायची. ती लय तिला सापडली जयंतीच्या मिरवणुकीत, ताशा ऐकता ऐकता. तिथंच उभ्या उभ्या हवेत हात दाबून बघायला लागली.

मग काय, गावाला विषय मिळाला. "रंभेच्या पोरीनं गोणीशी लगीन लावलं." "मुके पण घेते म्हणं." पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "गो शालन, नवरा बरा हाय ना?" शालन म्हणायची, "बरा हाय. पितबित नाय, तुमच्यावानी नशीब नाय माझं फुटलं."  रघूसुद्धा एकदा ओटीवर बसून हसला होता, "काय करतंस गो पोरी हे?" तिनं सांगितलं, कारखान्याचं काम हाय मामा. आणि दाबत राहिली.

ठाण्याला ती पास झाली. प्रमाणपत्र घेऊन आली तेव्हा मी त्याला फुकटात लॅमिनेशन करून दिलं, एरवी मी कोणाला काही फुकट देत नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात आमच्या वरच्या अंगाला लग्न होतं. वऱ्हाड मुरबाडकडून, म्हसा गावच्या बाजूनं आलेलं. कॅफेवर भागत नव्हतं म्हणून मी लग्नाच्या शूटिंगचंही काम करायचो, तेव्हा कॅमेरा खांद्यावर घेऊन मी मांडवातच होतो. शालनही होती, जेवणावळीत वाढायला. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि तलावाकडून ओरडा आला. वऱ्हाडातली पोरं उन्हाची पाण्यात उतरली होती. प्रज्वल नावाचा, नवऱ्यामुलाचा मावसभाऊ, वर आलाच नव्हता.

आम्ही पोचलो तोवर रघूनं त्याला काढलं होतं. रघूची साठी उलटलेली, पण सूर तसाच. पोराचे ओठ जांभळे. आणि रघूनं त्याला खांद्यावर टाकलं, डोकं खाली, आणि काठानं पळायला लागला. तोच काठ, तेच पळणं. बाया रडत होत्या, गडी ओरडत होते, "पळ रघूदादा, पाणी काढ!"

शालन समोरून आली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली.

"मामा, खाली ठेव त्याला."

"बाजूला हो गो! पाणी काढू दे आधी!"

"पाणी नाय काढायचं." तिनं त्याचे दोन्ही दंड धरले. "सोमाचं पण काढायचं नव्हतं, मामा. ठेव खाली."

रघू थांबला. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. त्याच्या तोंडाकडं बघवेना. ते पोर खाली ठेवणं म्हणजे त्या माणसासाठी काय होतं, हे तिथं आम्हा तिघांनाच कळत होतं. अजून पळत राहिला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. सगळं गाव त्याच्या बाजूनं ओरडत होतं.

त्यानं पोराला अलगद खाली ठेवलं.

शालननं पोराची हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावलं. वऱ्हाडातला एकजण पुढं झाला, "अरे, तिला कशाला हात लावू देता? तिचं तोंड..." कोण होता ते मला ठाऊक आहे, नाव घेऊन त्याला मोठा करत नाही. रघूनं त्याला छातीवर हात ठेवून असा मागं ढकलला की तो बसलाच. "तिला येतं," रघू म्हणाला. "मागं व्हा समदी."

माझा कॅमेरा मी कधी खाली टाकला मला कळलं नाही. तो चालूच राहिला. त्या कॅसेटमध्ये नुसते पाय दिसतात, आणि शालनचा आवाज ऐकू येतो, एक, दोन, तीन, न थांबता, ताशाच्या लयीत. मध्येच तिनं माझं नाव घेऊन जीप आणायला सांगितलेलंही ऐकू येतं. मग पुन्हा मोजणं. मग एक खोकला, आणि एका बाईनं "बाला रे" म्हणून फोडलेला टाहो.

प्रज्वलला जीपमधून शहापूरच्या दवाखान्यात नेलं. पुढच्या आठवड्यात तो आपल्या पायांनी मुरबाडला गेला. गोणीला नवरा-नवरा म्हणणाऱ्या बायका शालनच्या ओटीवर येऊन गोणी दाबून बघायला लागल्या.

रघू मात्र आला नाही. बुद्धपौर्णिमाही गेली, खिरीची वाटी तशीच राहिली. शालन म्हणाली, मीच जाते. मी म्हटलं, थांब, त्याला येऊ दे. तो आला एका संध्याकाळी. मी तिथंच होतो, तिच्यासाठी पुढच्या परीक्षेचे कागद घेऊन गेलो होतो. रघू पायरीवर उभा राहिला, वर चढला नाही.

"शालन," तो म्हणाला, "तवा मी असं केलं असतं, तर सोमा वाचला असता?"

रंभाबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, शालन आता काहीतरी गोड खोटं बोलेल. वर्षभर तिनं याच्यासाठीच तोंड शिवून ठेवलं होतं.

"वाचला असता, कदाचित," ती म्हणाली. "मला खोटं सांगता यायचं नाय, मामा. पण तवा तुला ठाऊक नव्हतं. मला नव्हतं, ज्ञानूदादाला नव्हतं. आता ठाऊक झालंय."

 एवढा मोठा माणूस पायरीवर उभ्या उभ्या रडला, आणि आम्ही कोणी त्याला गप्प बस म्हटलं नाही. रंभाबाई आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. तो प्यायला. मग वर चढला, ओटीवर आडव्या पडलेल्या गोणीपाशी गुडघे टेकून बसला आणि ते दांडगे हात पुढं केले.

"कुठं ठेवायचे?" त्यानं विचारलं.

शालननं त्याचे हात धरून गोणीवर बरोबर जागी ठेवले.