चार विटा

लग्न होऊन आली तेव्हा ती दारातून वाकून आत शिरली, म्हणून गल्लीनं तिचं नाव ठेवलं शिडी. सासरचं इस्त्रीचं दुकान होतं. टेबल सासूच्या बेताचं, आणि सासू इतकीशी!

"टेबल जरा उंच करू या का?" तिनं एकदाच विचारलं.

"टेबल काय तुझ्यासाठी टाचा वर करणार? सुनेला वाकायची सवय असलेली बरी," सासू म्हणाली. सगळे हसले.

शिडी वाकली. जड इस्त्री रेटत जन्मभर वाकली. कंबर धरली की दुकानाबाहेर एकावर एक पडलेल्या चार विटांवर जाऊन टेकायची आणि पुन्हा कामाला लागायची. सासू गेली, तरी टेबलाला हात लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्यासुद्धा.

मग तिला सून आली. तीही उंच. दोन दिवस तिनं वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या त्या विटा उचलल्या आणि टेबलाच्या चारही पायांखाली सरकवल्या. कुणाला विचारलंसुद्धा नाही.

"आई, या. आता वाकायला नको."

शिडीनं इस्त्री घेतली. टेबल तिच्या छातीशी आलं होतं. तिनं ताठ व्हायचा प्रयत्न केला, पण कंबर कधीचीच सरळ होईनाशी झाली होती. खांदा कानाला टेकला, तरी कॉलर काही दाबली जाईना.

"काढू का विटा?" सुनेनं हळूच विचारलं.

"खबरदार!" शिडी ओरडली. तिनं इस्त्री सुनेच्या हातात दिली आणि टेकायला बाहेर गेली. बाहेर विटा नव्हत्या.