नाकाचं चीज

सुमनताई इंगळे यांनी चौतीस वर्षं दुधाचा वास घेतला. ग्वाल्हेरच्या एका दूध संकलन केंद्रात त्या प्रयोगशाळेत होत्या. सकाळी सहाला भिंडकडून, डबऱ्याकडून गाड्या लागायच्या आणि कॅनची रांग फलाटावर उभी राहायची. फॅट मशीन सांगायचं, पाणी काचेची नळी सांगायची, पण या दोघांच्याही आधी सुमनताईंची पाळी असे. कॅनचं झाकण उचलायचं आणि ते नाकाशी न्यायचं, कारण सगळा वास झाकणाच्या आतल्या बाजूला जाऊन बसलेला असतो. मग एकच शब्द बोलायचा, ‘चलेगा’ किंवा ‘वापस’. दूधवाले सगळे हिंदी बोलणारे होते, त्यामुळे सुमनताईंचं नाक मराठी असलं तरी निकाल हिंदीत लागायचा.

म्हैस कुठल्या चाऱ्यावर आहे ते त्यांना कळे. कॅन धुऊन ओलाच झाकलेला, दूध धुराच्या चुलीजवळ ठेवलेलं, सगळं कळे. मशीननं पास केलेलं दूध त्यांनी परत पाठवलं आणि तासाभरात ते फाटलं, असं इतक्यांदा झालं की पुढं पुढं मशीनवाले आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग बटण दाबायचे.

निवृत्त झाल्यावर नाकाला काम उरलं नाही. मग ते घरातच हिंडू लागलं. रघुनाथराव, म्हणजे त्यांचे यजमान, नई सडकेवर कोपऱ्यावरच्या टपरीत उभे राहून तंबाखूचं पान खाऊन आले, तर जिन्यातच पकडले जायचे. शेजारच्या लीलाताई दुधाचं पातेलं घेऊन यायच्या आणि विचारायच्या, “बघा हो, तापवलं तर नासेल का?” सुमनताई वाकून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, “खीर करायची तर आजच करा.” लीलाताई गेल्या की दिवस पुन्हा मोकळा. टीव्हीला काही वास नसतो.

त्यांची एकुलती एक मुलगी सीमंतिनी बंगळूरला एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकघराची खरेदी बघायची. बारा वर्षांनी ती नोकरी सोडून घरी परतली आणि ग्वाल्हेरच्याच सिटी सेंटर भागात, दातांच्या दवाखान्याखाली, तिनं एक लहानसं दुकान घेतलं.

“काय ठेवणार दुकानात?” रघुनाथरावांनी विचारलं.

“चीज.”

“आणि?”

“बस, चीज. थोडा पाव, थोडे जॅम. पण मेन तर चीजच, बाबा. आपल्याकडचेच लोक बनवतात आता. निलगिरीत, पहाडांत, पुण्याकडे. इतकं बढिया बनवतात ना, सच में.”

इंगळ्यांच्या घरात चीज म्हणजे चांदीच्या कागदातले पिवळे चौकोन. त्यासाठी आख्खं दुकान कशाला लागतं ते रघुनाथरावांना उमगलं नाही. सुमनताई मनात म्हणाल्या, पोरगी एवढी शिकली-सवरली आणि आता नासलेलं दूध विकणार.

दुकान उघडायला आठ दिवस होते, तेव्हा रविवारी दुपारी सीमंतिनीनं आईपुढं एक ताटली ठेवली. तीन तुकडे होते, फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवलेले. “गार खाल्लं तर काहीच कळत नाही,” ती म्हणाली. सुमनताईंना हे पटलं. गार दूधही वास लपवतं.

पहिला तुकडा बाहेरून पांढऱ्या मखमलीसारखा आणि आतून लोण्यासारखा मऊ होता. सुमनताईंनी तो नाकाशी नेला.

“अळंबी,” त्या म्हणाल्या. “आणि खाली कुठंतरी गोठा. स्वच्छ गोठा आहे पण.”

सीमंतिनी बघतच राहिली. “आई, हे तर पुस्तकात लिहिलेलं असतं.”

तिसऱ्या तुकड्यात निळ्या-हिरव्या शिरा होत्या. त्याच्यापर्यंत नाक नेण्याचीही गरज पडली नाही. “परत,” सुमनताई म्हणाल्या आणि ताटली सरकवली.

“आधी खाऊन तर बघ.”

“जे नाकाला पटलं नाही ते तोंडात घालायचं नाही. चौतीस वर्षांत हा नियम मोडला नाही मी.”

मग मधला तुकडा राहिला. दीड वर्ष मुरवलेला, कडक, जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा. सुमनताईंनी वास घेतला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. तूप कढवून गाळल्यावर पातेल्याच्या बुडाशी जी तांबूस खरवड राहते, त्या बेरीचा वास होता तो. लहानपणी त्या बेरीत साखर घालून चार भावंडं चमच्यासाठी भांडायची. त्यांनी तुकडा तोंडात घातला. बारीक खडे दाताखाली कुरकुरले, आधी खारट, मग गोडसर, आणि गिळून झाल्यावरही चव जिभेवर रेंगाळत राहिली.

“दूधच आहे हे,” त्या हळूच म्हणाल्या. “दीड वर्षापूर्वीचं दूध.”

रघुनाथरावांनी तोच तुकडा आंब्याच्या लोणच्याबरोबर खाल्ला आणि म्हणाले, “बरं लागतं की.” पुढंही ते प्रत्येक चीज लोणच्याबरोबरच खात राहिले. सीमंतिनीनं पुष्कळ सांगून पाहिलं.

निळ्या शिरांचा तुकडा मात्र सुमनताईंच्या डोक्यातून जाईना. आपण वास पुरता घेतलाच नाही, निकाल आधी दिला, ही गोष्ट त्यांना टोचत होती. चौथ्या दिवशी सकाळी, घरात कोणी नसताना, त्यांनी तो बाहेर काढला, तासभर ठेवला आणि ओट्याशी स्टूल घेऊन बसल्या. खवट वास तर होताच. तो त्यांच्या ओळखीचा, जन्माचा वैरी. पण आज त्यांनी त्याला ओलांडून पुढं जायचं ठरवलं. त्याच्यामागं माठाची ओली माती होती. त्याच्याही मागं लोखंडी तवा. आणि अगदी तळाशी ताजी साय, न बिघडलेली, शांत बसलेली. सुमनताईंना हसू आलं. त्यांनी डोळे मिटून तुकडा जिभेवर ठेवला. नाकात झिणझिण्या आल्या, कान गरम झाले, मग सगळं लोण्यात विरघळून गेलं. सीमंतिनी दुपारी घरी आली तेव्हा फ्रिजमध्ये त्या चीजचा नुसता कागद होता.

“आई, तो ब्लूवाला पीस?”

“संपला,” सुमनताई म्हणाल्या. “कितीला मिळतो ते सांगू नकोस. आणखी आण.”

दुकान उघडलं आणि सुमनताई रोज अकराला ई-रिक्शानं फूलबागेवरून सिटी सेंटरला जाऊ लागल्या. नावं त्यांना नीट उच्चारता येत नसत, पण गिऱ्हाइकाला काय आवडेल ते त्या बरोबर ओळखायच्या. वरच्या दवाखान्यातली डॉक्टर गरिमा एकदा खाली आली आणि म्हणाली, “आंटी, मुझे चीज की कोई समझ नहीं है.” सुमनताईंनी तिला विचारलं, “बेटा, दही की मलाई खाती हो या छोड़ देती हो?” गरिमा म्हणाली, मलाईसाठी तर भावाशी भांडण होतं. तिला मऊ पांढरं चीज मिळालं. ज्याला शिळं ताक आवडतं त्याला बकरीच्या दुधाचं, ज्याला बेरी आवडते त्याला मुरवलेलं. लोक चव घेत उभे राहायचे आणि तोंडं बघायला सुमनताईंना मजा यायची. चौतीस वर्षं त्यांच्या समोरची माणसं भीतीनं उभी राहिली होती. आता हसत उभी राहत होती.

सप्टेंबरात एक संकट आलं. अल्मोड्याच्या वर गोविंद नावाचा एक माणूस चीज बनवायचा, मूळचा साताऱ्याकडचा, पहाडात लग्न करून तिथलाच झालेला. त्याचा माल घेऊन येणारी गाडी धौलपूरच्या अलीकडे बंद पडली आणि दिवसभर उन्हात उभी राहिली. खोकी दुकानात आली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. बावीस तुकडे. सीमंतिनीनं एक उघडला, वास घेतला, दुसरा उघडला, वास घेतला, आणि खुर्चीत बसली.

“सगळ्यांनाच वास येतोय, आई. यातला कुठला चांगला आणि कुठला गेला, मला काहीच समजत नाहीये. सगळं फेकावं लागेल.”

“सरक,” सुमनताई म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, हात धुतले आणि टेबलावर बावीस तुकडे ओळीनं मांडले. मग एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक तुकड्याचा कागद आधी, तुकडा नंतर. दर पाच तुकड्यांनंतर त्या दारात जाऊन मोकळी हवा घेऊन यायच्या. चांगला तो उजवीकडे, गेलेला तो डावीकडे. एका तुकड्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या, तीनदा वास घेतला, आणि शेवटी उजवीकडे ठेवला. तासाभरानं उजवीकडे सतरा होते आणि डावीकडे पाच.

सीमंतिनीनं गोविंदला फोन लावला. सुमनताईंनी त्याला एकेक वास समजावून सांगितला: हा आंबलाय पण मोकळा आंबलाय, हा मात्र कोंदलाय, याला साबणासारखा कडवटपणा आलाय. गोविंद म्हणाला, “काकू, साबणासारखा म्हणालात तो टाकून द्या, बाकीचंही तुमचं बरोबर आहे. एक विचारू? तुम्ही कुठं शिकलात हे?”

“दुधाच्या फलाटावर,” सुमनताई म्हणाल्या.

संध्याकाळी ही हकिकत ऐकून रघुनाथराव म्हणाले, “चला, तुझ्या नाकाचं चीज झालं.” स्वतःच्या विनोदावर ते इतके खूश झाले की त्यांनी तो लीलाताईंनाही जाऊन ऐकवला.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, कानटोपी घातलेले एक उंच, म्हातारे गृहस्थ दुकानात आले. नातीनं यादी लिहून दिली होती, ती त्यांनी पुढं केली आणि मान वर करताच थबकले. सुमनताईंनीही ओळखलं. मुरैन्याकडचे दिग्विजयसिंह तोमर. वीस वर्षं त्यांचं दूध केंद्रावर यायचं आणि सुमनताईंनी सर्वांत जास्त कॅन जर कोणाचे परत पाठवले असतील तर ते यांचे.

“मैडम, आप यहाँ भी?” दिग्विजयसिंह म्हणाले.

सुमनताई हसल्या. त्यांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि निळ्या शिरांच्या चीजचा एक कपचा सुरीच्या टोकावर पुढं धरला. दिग्विजयसिंहांनी वास घेतला. मिशीखाली ओठ हलले. मग ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “मैडम, यही तो है. यही माल आपने बीस साल मेरा वापस किया.”

सीमंतिनी काउंटरमागं तोंड दाबून खाली वाकली.

“ठाकुर साहब,” सुमनताई म्हणाल्या, “आपका अपने आप बिगड़ता था. इसे किसी ने जी लगाकर बिगाड़ा है. खाइए तो.”

त्यांनी खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला, आणि तोंड गोड करायला त्यांनी घाईघाईनं हातातल्या पिशवीतून गजकेचं पाकीट काढलं. मुरैन्याची तीळ-गुळाची गजक, पापुद्र्यासारखी खुसखुशीत. एक तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. मग दुसरा तुकडा मोडला, त्यावर स्वतःच्या हातानं चीज ठेवलं आणि सुमनताईंपुढं धरला.

तीळ भाजलेला, गूळ खरपूस, त्यावर ते खारट, उग्र लोणी. सुमनताईंनी काउंटरला हात टेकला. “सीमा, इकडं ये,” त्या म्हणाल्या. “आधी तोंड उघड, मग विचार.” सीमंतिनीनं खाल्लं आणि ती म्हणाली, “ओ तेरी.” वरून डॉक्टर गरिमाला बोलावणं गेलं. ती एका पेशंटला तोंडात कापूस देऊन आली आणि बराच वेळ वर गेलीच नाही.

दिग्विजयसिंह त्या दिवशी दीड तास बसले. म्हशी आता मुलगा बघतो, म्हणाले, आणि कॅन उन्हात वाळवल्याशिवाय दूध भरू देत नाही मी, हे आपण शिकवलंत. जाताना गजकेचं पाकीट दुकानातच ठेवून गेले. त्या हिवाळ्यात सिटी सेंटरमध्ये गजक आणि निळं चीज खायला लोक लांबून येऊ लागले.

एप्रिलमध्ये सुमनताई आणि रघुनाथराव गोविंदकडे गेले. तो सप्टेंबरपासून बोलावत होता. दिल्लीला गाडी बदलून काठगोदाम, तिथून पाच तास जीप. लग्नकार्य सोडून कशासाठीही सुमनताई ग्वाल्हेरबाहेर गेल्या नव्हत्या आणि आता चीजसाठी देवदारांत जाऊन पोचल्या होत्या. चार दिवस त्या पहाटे उठून गोविंदच्या बायकोबरोबर दुधात विरजण घालायच्या, दही कापायच्या, साचे भरायच्या. दुपारी डोंगरात खोदलेल्या गार खोलीत जाऊन फळ्यांवरच्या चीजच्या जाड चकत्या मिठाच्या फडक्यानं पुसून उलट्या करायच्या. रघुनाथराव अंगणात उन्हाला बसून पहाडी लिंबाच्या लोणच्याची चौकशी करायचे.

निघायच्या दिवशी गोविंदनं सुमनताईंच्या हातात एक पोकळ सळई दिली. चकतीत खुपसायची, फिरवायची, बाहेर काढायची, की आतल्या चीजची बोटभर कांडी निघते. वास घ्यायचा, चिमूटभर चाखायचं आणि कांडी परत भोकात बसवून लोण्यानं तोंड बंद करायचं.

“या ओळीत सहा महिन्यांच्या चाळीस आहेत, काकू,” तो म्हणाला. “कुठल्या आत्ता काढायच्या आणि कुठल्या अजून ठेवायच्या, तुम्ही सांगा.”

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. रघुनाथराव पिशव्या घेऊन दारात आले. आत अंधुक दिव्यात, अंगावर शाल आणि डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून, सुमनताई अकराव्या चकतीपाशी उभ्या होत्या.

“अगं, गाडी चुकेल,” ते म्हणाले.

“चुकू द्या,” सुमनताई म्हणाल्या. “उद्याही एक असते, मी विचारून ठेवलंय.”

रघुनाथरावांनी पिशव्या खाली ठेवल्या, जीपवाल्याला चहा प्यायला सांगितलं आणि स्वतः आत येऊन भिंतीशी एका पालथ्या बादलीवर बसले. सुमनताईंनी बाराव्या चकतीत सळई खुपसली.