शुक्रवारचा भोवरा

टेमघरच्या आमच्या गल्लीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, शुक्रवारी बंद असत. त्या दिवशी तात्या दोन्ही कानांना हात लावून म्हणत, "बघ, आज कान हायेत मला." एरवी खटखट एवढी, की शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा अर्धंच कळे. तात्या आमच्या भिंतीपलीकडचे. आठवडाभर लूम चालवत आणि सुट्टीच्या दिवशी अंघोळ उरकली की ओट्यावर पत्र्याचा डबा उघडून बसत.

डब्यात त्यांच्या लहानपणची खेळणी होती. सुताच्या रिकाम्या कांड्यांची चाकं लावलेली गाडी, मूठभर गोट्या आणि एक लाकडी भोवरा. भोवऱ्याला ते दर शुक्रवारी खोबरेल चोळत. ही सगळी इस्टेट त्यांनी मुलासाठी, मिलिंदसाठी जपून ठेवली होती.

पण मिलिंदची शाळा ठाण्यात, तात्यांनीच हट्टानं घातलेली. शुक्रवारी तो वाटेतल्या कशेळीच्या ट्रॅफिकमधून अंधार पडल्यावर घरी येई आणि दप्तर टाकून झोपी जाई. रविवारी तो घरी, तर तात्या लूमवर. माझी शाळा पालिकेची, सकाळची. दुपारी मी उनाडायला मोकळा. त्यामुळे भोवरा माझ्या वाट्याला आला.

"तुझ्यावर हात बसवून घेतो," तात्या खुशाल तोंडावर सांगत. "मिलिंदला शिकवायचाय ना." मला राग येई, पण भोवरा सोडवत नसे.

जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, कशी घट्ट गुंडाळायची, मनगट कधी मागे खेचायचं, सगळं त्यांनी शिकवलं. भोवरा एका जागी फिरू लागला की फरशीला कान लावायला सांगत. "गातो बघ. पन लूम बंद असल तवाच ऐकू येतंय." खरंच बारीक गुणगुण ऐकू येई. आम्हा दोघांची डोकी जमिनीला टेकलेली बघून येणारे-जाणारे घाबरत, तात्यांना काही झालं की काय म्हणून.

"त्याला एक दिवस शाळा बुडवू द्या की," मी एकदा म्हणालो. तात्या कधी नव्हे ते चिडले. "शाला बुडवून खेल न्हाय! आमच्या बापानं बुडवू दिली, म्हनून मी लूमवर हाय."

दिवाळीच्या सुट्टीत एक शुक्रवार मात्र जुळून आला. तात्या सकाळपासून डबा मांडून बसले. मिलिंदनं भोवरा हातात घेतलाही, तेवढ्यात क्रिकेटसाठी बाहेरून हाक आली. "बाबा, नंतर हां," म्हणत तो पळाला.

"जाऊ दे. पोर खेलतंय ना," तात्या म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं नाही. एकटेच डब्यासमोर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, पण आपणहून जायचा धीर झाला नाही.

मिलिंद शिकला, पुण्याला नोकरीला लागला. काकू, म्हणजे मिलिंदची आई, गेल्या. तात्यांचे हात थरथरू लागले, तरी शुक्रवारी डबा निघेच. मी जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामातून कामावरून परतलो की ओट्यावरून विचारत, "ऐकायचाय का रं?" कधी मी बसे, कधी दमलेला असे. गेल्या वर्षी ते गेले.

त्यांच्यासाठीचा पुण्यानुमोदनाचा विधी रविवारी झाला. माणसं पांगल्यावर मिलिंदनं डबा उघडला. त्याच्या मुलानं भोवरा फिरवून मागितला. मिलिंदनं जाळी कशीबशी गुंडाळली आणि भोवरा आडवा पडून घरंगळत गेला. मी तो उचलला, नीट गुंडाळून सोडला. तो जागच्या जागी फिरू लागला.

"तुला कुणी शिकवलं?" मिलिंदनं विचारलं.

"तात्यांनी. शुक्रवारी."

मिलिंदनं भोवरा उचलून माझ्या हातात दिला. मग मुलाला बाजूला बसवत म्हणाला, "आधी मला शिकव."

मी शिकवलं. चाळिशीतल्या त्या गृहस्थाचा भोवरा एकदाचा फिरला, तसं मी त्याला कान लावायला सांगितलं. तो गुडघ्यांवर वाकला आणि फरशीला कान टेकवून थांबला. बाहेर लूमची खटखट चालू होती.

"काहीच ऐकू येत नाही रे."

"शुक्रवारी ये."

"शुक्रवारी ड्युटी असते," मिलिंद म्हणाला. पण कान त्यानं उचलला नाही.